आजीचा चांदीचा कंबरपट्टा मोडीत घालायच्या आधी त्याचं बक्कल उलटं करून बघा

चांदीचा भाव चढल्यापासून आमच्या नात्यातल्या निदान चार घरांतून जुने कंबरपट्टे बाहेर आले आणि त्यातले तीन थेट मोडीत गेले. सराफाने काट्यावर ठेवले, टंच (चांदीची शुद्धता) काढला, घट (वजनातली कपात) धरली, पैसे हातात दिले, विषय संपला. चौथा माझ्याकडे आला, आजीचा. मी पण तो घेऊन दुकानात गेलेच होते, पण तिथल्या माणसाने तो उचलून बघितला सुद्धा नाही, नुसता काट्यावर टाकला, ते मनाला लागलं आणि परत घेऊन आले. त्यानंतर हुपरीला ओळखीतून एका जुन्या कारागिरांकडे गेले (हातकणंगले तालुक्यातलं हुपरी, चांदीच्या कामाचं गाव, पैंजणांसाठी जास्त माहितीचं). मी कौतुकाने बक्कलवरचे मोर दाखवत होते तर ते म्हणाले, "ताई, फुडनं कुणीबी चमकवतंय, उलटं करून बघा की."

त्या दिवसापासून बघायला शिकले. दीड-दोन वर्षं मिळेल तिथे जुनी-नवी बक्कलं बघितली, प्रश्न विचारले, चुकाही केल्या. ज्यांच्या घरात असा पट्टा आहे किंवा जे नवीन हाताने घडवलेला घ्यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय. सोनारकाम येत नसलं तरी चालेल, मला पण येत नाही.

हाताशी काय ठेवायचं:
- १० पट मोठं दाखवणारं भिंग. ऑनलाइन स्वस्तात मिळतं. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून.
- टॉर्च, मोबाइलचा चालेल
- साधं लोहचुंबक
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक भांडं पाणी, दोरा
- पांढरं सुती कापड
- घरात जुनी पावती, चिठ्ठी, लग्नातला फोटो असेल तर तो. हे शोधून ठेवाच, नंतर सांगते का.

१. आधी धुवू नका

हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. काळा पडलेला पट्टा बघितला की हात शिवशिवतात. पण नक्षीच्या खोलगट भागातला काळेपणा हा बऱ्याचदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर वर्षानुवर्षं वापरून तयार झालेला असतो, उंच भाग साडीला घासून उजळ राहतो आणि खाच काळी राहते आणि त्या दोघांमुळेच मोराचं पीस पीस वेगळं दिसतं. मी एक छोटं जुनं बक्कल एका दुकानात "पॉलिश करून द्या" म्हणून दिलं, त्यांनी केमिकलमध्ये बुडवून दिलं, परत आलं ते एकसारखं पांढरंफटक, नक्षी होती पण दिसतच नव्हती. ते आता परत तसं होणार नाही. तेव्हा फक्त कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा आणि पुढे चला.

२. पट्ट्याचे भाग ओळखा

आपल्याकडचा जुना कंबरपट्टा म्हणजे ढोबळमानाने तीन गोष्टी. एक पट्टा, जो तारेच्या कड्या एकमेकींत विणून केलेला असतो किंवा चौकोनी-गोल तुकडे कड्यांनी जोडून. दुसरं बक्कल, समोर पोटावर येणारा नक्षीचा भाग, एक तुकड्याचं किंवा दोन अर्ध्यांचं. तिसरं म्हणजे हे दोन अर्धे अडकवायची सोय, खिळा, आकडा किंवा मळसूत्र, आणि खिळा हरवू नये म्हणून त्याला लावलेली बारीक साखळी.

बक्कलवर काय काढलंय तेही लिहून ठेवा. समोरासमोर मोर, कमळ, वेल, गजलक्ष्मी, मकरमुख असं बरंच काही सापडतं. मेखला कमरेला घालायची आवड आपल्याकडे किती जुनी आहे ते वेरूळच्या मूर्ती बघितल्या की कळतं, त्या दगडातल्या मेखलांचे मधले पदक नीट बघा, पुढच्या वेळी गेलात की.

३. चांदी आहे का, घरच्या घरी

लोहचुंबक लावा. चांदी चिकटत नाही. पण न चिकटणं म्हणजे चांदी असंही नाही, पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर काहीच सहसा चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर नावात चांदी असली तरी ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी नसतेच. लोहचुंबकाचा खरा उपयोग खिळ्यासाठी, कारण हरवलेल्या खिळ्याच्या जागी नंतर कोणीतरी लोखंडी घातलेला असतो आणि वरून मुलामा.

दुसरी तपासणी पाण्याची. आधी वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही, हाताने लटकवून धरायची. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर तिचं आकारमान. वजनाला त्याने भागा. समजा वजन २१० ग्रॅम आणि काट्याने २० दाखवले तर १०.५. शुद्ध चांदी १०.४९ ला येते, ९२.५ टक्क्यांची त्याच्या किंचित खाली, साधारण १०.३ ते १०.४. जर्मन सिल्व्हर साडेआठ-पावणेनऊच्या घरात राहतं.

फसायची जागा: ही तपासणी भरीव वस्तूची. बक्कल आतून पोकळ असेल किंवा आत लाख भरली असेल तर आकडा बराच खाली येतो आणि खरी चांदीसुद्धा खोटी वाटते. विणलेल्या पट्ट्यात हवेचे बुडबुडे अडकतात, तोही आकडा चुकवतात, पाण्यात हलवून ते काढून टाका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ९ च्या खाली आला आणि रात्रभर झोप नाही, नंतर कळलं बक्कल आतून पोकळ आहे.

४. बक्कल उलटं करा

आता खरं काम. यात घाई करू नका, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसा.

आधी हे समजून घ्या की उठावाचं काम होतं कसं. चांदीचा पातळ पत्रा राळेवर बसवतात. राळ, विटेची बारीक पूड आणि थोडं तेल असं ते मिश्रण, गरम असताना मऊ आणि गार झाल्यावर घट्ट, पण इतकं घट्ट नाही की पत्र्याला जागाच देणार नाही. पत्रा उलटा ठेवून मागून ठशांनी (बोथट टोकाच्या छिन्न्यांनी) ठोकतात, म्हणजे पुढे फुगवटा येतो. मग तो काढायचा, साफ करायचा, विस्तवावर लालसर होईपर्यंत तापवायचा, परत राळेवर पण आता सुलटा, आणि पुढून बारीक ठशांनी पिसं, डोळे, पाकळ्यांच्या शिरा. मग परत उलटा. हे कितीही वेळा.

तापवायचं का तर चांदी ठोकली की कडक होत जाते, ठोकत राहिलात तर तडकते. तापवली की पुन्हा मऊ. कारागिराला हाताला कळतं की आता पत्रा ऐकत नाही, आता ताव द्यायला पाहिजे. आणि ताव देताना जास्त झालं तर संपलं, शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते पण तांबं मिसळलेली ९२.५ ची ८०० च्या आसपासच वितळायला लागते, आणि त्याला समोर थर्मामीटर नसतो, उजेड कमी करून फक्त धातूचा रंग बघून तो ठरवतो. आजीच्या बक्कलवरच्या मोराची छाती बोटाच्या पेराएवढी पुढे आलेली आहे, सलग एका पत्र्यातून, कुठेही चीर नाही. तिथे पत्रा किती ताणला गेला असेल आणि तो न फाटू देता इथपर्यंत आणायला किती वेळा ताव दिला असेल याचा विचार केला की मी अजूनही मिनिटभर गप्प बसते.

मागून काय दिसायला हवं:

हातकामात मागे खळगे असतात आणि त्या खळग्यांत ठशांचे एकावर एक पडलेले छोटे गोलसर मार दिसतात. पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, जिथे उठाव जास्त तिथे पातळ. कोपऱ्यात कधीकधी राळेचा तपकिरी-काळा कण अजून चिकटलेला असतो, तो दिसला तर खरवडू नका, तो त्या कामाचा पुरावा आहे.

मशीनच्या डायने दाबलेल्या पत्र्यात मागची बाजू म्हणजे पुढच्याची गुळगुळीत उलटी प्रत. एका दणक्यात झालेलं काम, त्यामुळे मार नाहीत.

ओतकामात, म्हणजे वितळलेली चांदी साच्यात ओतून केलेल्या कामात, मागची बाजू सपाट किंवा किंचित रवाळ, भिंगातून सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसू शकतात, नक्षीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या. ओतकाम म्हणजे वाईट असं म्हणत नाहीये, तीही विद्या आहे, पण ते "हाताने ठोकलेलं" म्हणून विकलं जात असेल तर ते खोटं.

मागे पत्रा लावून बक्कल बंद केलेलं असेल तर आतलं दिसणार नाही. मग कडेने फिरणारा जोड बघा आणि एक बारीक भोक शोधा. बरेच लोक हे भोक बघून म्हणतात की खराब झालंय, बुजवून टाका. अजिबात नाही! बंद पोकळ वस्तूला डाख (जोडाचा धातू) लावताना आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. ते भोक कुठे लपवलंय यावरून कारागिराची समज कळते, आजीच्या पट्ट्यात ते खिळ्याच्या नळीच्या मागे आहे, मला सापडायला तीन महिने लागले.

बोटाच्या नखाने हलकं वाजवून पण बघा. पोकळ असेल तर बारीक टण् येतो, लाख भरली असेल तर आवाज दबका. लाख भरणं ही फसवणूक नाही, पातळ पत्रा चेपू नये म्हणून भरतात. पण चांदीच्या भावाने लाखेचं वजन विकत घेऊ नका, आणि लाखेचा दागिना गरम पाण्यात कधीही घालू नका, लाख मऊ होऊन बाहेर येते.

५. रेघा, रवे आणि दोन मोर

भिंग घ्या. एखादी रेघ निवडा. ठशाने पाडलेली रेघ असेल तर धातू दाबला जातो, निघत नाही, त्यामुळे रेघेच्या कडा मऊ आणि तळाशी ठशाचे टप्पे टप्पे दिसतात, जसं शिवणीचे टाके. कोरणीने कोरलेली असेल तर धातू खरोखर कापून निघालेला असतो, खाच इंग्रजी व्ही सारखी, आतून चकचकीत, सुरुवातीला निमुळती मधे रुंद. लेझरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची, उथळ आणि तळाला करडी.

रवे, म्हणजे नक्षीवर बसवलेले चांदीचे बारीक गोळे, असतील तर प्रत्येक रवा बुडाशी आत वळलेला दिसायला हवा, म्हणजे छोटा गोळा टेकवून ठेवल्यासारखा. हे रवे करायची पद्धत फार सुंदर आहे, तारेचे अगदी बारीक तुकडे कोळशावर ठेवून तापवले की ते वितळून आपोआप गोल होतात. मग ते एकेक चिमट्याने उचलून बसवायचे. डायच्या रव्यात बूड भरलेलं असतं, अर्धगोल फुगवटे फक्त.

आता समोरासमोरचे दोन मोर. हाताने केलेले असतील तर हुबेहूब नसतील. आजीच्या पट्ट्यातल्या डाव्या मोराची मान जराशी जास्त वळलेली आहे आणि उजव्याच्या तुऱ्यात एक पीस कमी. पण इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे: वाकडंतिकडं म्हणजे हातकाम असं समजू नका. हाताने केलेल्या एका नमुन्याचा साचा काढून त्यावरून शंभर ओतता येतात आणि हातोडीचे मारसुद्धा त्यात तसेच्या तसे उतरतात. दुकानात असाल तर त्याच डिझाइनचं दुसरं बक्कल मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. दोन्हींच्या उजव्या मोराला तेच पीस कमी असेल तर उत्तर मिळालं.

६. जोड

डाख म्हणजे चांदीतच तांबं-जस्त घालून केलेला, लवकर वितळणारा धातू. टाकणखार लावून, आच देऊन तो जोडात ओढला जातो. एका बक्कलला कड, नळ्या, कड्या, रवे असे कितीतरी जोड, आणि दुसरा जोड लावताना पहिला सुटता कामा नये, म्हणून आधीचे जोड जास्त आचेच्या डाखेने आणि नंतरचे कमी आचेच्या. काहीजण आधीच्या जोडावर गेरू फासून ठेवतात म्हणजे तिथला डाख पळत नाही. चांगला जोड म्हणजे तुम्हाला शोधावा लागेल असा. ढेकूळ, ओघळ, जोडाभोवती बारीक खड्डे दिसले तर घाई झालेली आहे.

करड्या रंगाचा, नखाने ओरखडा पडेल इतका मऊ जोड दिसला तर ती कथील-शिशाची दुरुस्ती, भांडी जोडणाऱ्याकडून केलेली. हे दिसलं की पुढच्या कारागिराला आधीच सांगा. शिसं काढून न टाकता तिथे आच दिली तर ते चांदीत शिरून तिला खाऊन भोकं पाडतं.

७. अडकवून बघा

कोणाच्या तरी कमरेला लावून बघा, हातात नाही. दोन अर्ध्यांच्या नळ्या दाराच्या बिजागरीसारख्या एकमेकींत बसतात आणि त्यातून खिळा जातो. खिळा आपल्या वजनाने घसरू नये पण दोन बोटांनी निघावा. अडकवल्यावर दोन अर्ध्यांची नक्षी जुळते का, वेल इकडून तिकडे सलग जाते का ते बघा, कारण पत्रा ठोकताना पसरतो आणि तरीही शेवटी रेघेला रेघ जुळवणं हे मला तरी नक्षीपेक्षा अवघड वाटतं. मळसूत्र असेल तर जोर लावू नका. जुन्या मळसूत्राचे आटे कित्येकदा बारीक तार गुंडाळून, डाखेने जोडून केलेले असतात, एकदा सुटले की तसे करून देणारा शोधत फिरावं लागतं.

पट्ट्याचं थोडक्यात: सपाट टेबलावर पसरा, ओढून ताणू नका. कुठे कंबर मोडल्यासारखा वाकतोय का, कुठल्या कड्या झिजून केसासारख्या झाल्यात ते बघा. बक्कलजवळच्या चार-पाच इंचांत झीज सगळ्यात जास्त असते.

८. सराफाकडे जाताना

आता हवं तर जा. पण कागद घेऊन.

जुन्या वस्तूवर हॉलमार्क नसतोच, म्हणून ती खोटी ठरत नाही. आमच्याकडे घरातली आठवण अशी की राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेले) रुपये देऊन पट्टा करून घेतला. इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये ११.६६ ग्रॅमचे म्हणजे बरोबर तोळ्याचे आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचे असायचे, १९४० पासून ते प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. म्हणून ती घरातली चिठ्ठी किंवा लग्नाचा फोटो महत्त्वाचा, पट्टा कोणत्या काळातला ते कळलं की चांदी कशी असेल याचा अंदाज येतो. आमचा टंच ८९ च्या आसपास आला, कारागीर म्हणाले जोड इतके आहेत की डाखेमुळे खाली येणारच. म्हणजे काम जितकं जास्त तितका टंच कमी, आणि मोडीच्या हिशोबात त्याच कामाचे पैसे कापले जातात!

मशीनवर तपासायला दिलं तर एकाच जागी नको, पुढे, मागे, खिळा, पट्टा असं चार ठिकाणी करायला सांगा. ते मशीन वरवरचाच थर वाचतं आणि उजळलेल्या चांदीचा वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध असू शकतो, मुलामा असेल तर विचारूच नका.

नवीन घेत असाल तर चांदीवर १ सप्टेंबर २०२५ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या वस्तूचा स्वतःचा ओळख क्रमांक) असलेला हॉलमार्क येतो. सोन्यासारखा तो सक्तीचा केलेला नव्हता, ऐच्छिक ठेवला होता, म्हणून मागून घ्यावा लागतो. हॉलमार्कचं काम बघणारी सरकारी संस्था बीआयएस, तिच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून तपासा, शुद्धतेचा आकडा (८००, ९२५, ९९० असा) पावतीशी जुळवा. पक्की पावती घ्या ज्यात निव्वळ चांदीचं वजन, शुद्धता, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहिलेत, आणि लाख असेल तर तिचं वजन वजा केलेलं. "हस्तकाम" हा शब्द पावतीवर लिहून मागा. जो लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याकडे घडणावळीची घासाघीस करण्यात अर्थ नाही. आणि जो खरंच हाताने करतो त्याच्याशीही घासाघीस करू नका, प्लीज. एका बक्कलला त्याचे दिवसच्या दिवस जातात.

दुरुस्तीला देताना: पुढून, मागून, खिळ्याचे जवळून फोटो, वजन लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या सहीने, आणि "पॉलिश करू नका" हे तोंडी नाही, चिठ्ठीवर.

९. ठेवायचं कसं

काळी पडते ते हवेतल्या गंधकामुळे. रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र यात गुंडाळू नका. धुतलेल्या सुती कापडात, मग बंद होणाऱ्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी. पट्टा घडी घालून नाही, सैल गोल गुंडाळून.

साफ करायचंच असेल तर रिठ्याचं साधं गार पाणी, लहान बाळाचा मऊ ब्रश, लगेच कोरडं. टूथपेस्ट नको, ती घासून ठशाच्या रेघा बोथट करते. सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, त्याने खाचेतला काळेपणा पण जातो, नक्षीच्या वस्तूला ते करू नका.

नजर तयार व्हायला अजून काही बघायचं असेल तर पुण्यात बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे दागिने बघाच पण अडकित्ते आणि दिव्यांपाशी जास्त वेळ काढा, रोजच्या वापरातल्या धातूच्या वस्तूवर हात कसा फिरलाय ते तिथे कळतं. आणि हुपरीला गेलात तर दुकानात न थांबता घरात काम चालतं तिथे कोणाच्या तरी ओळखीने जा. बायका दारात बसून कड्या जोडत असतात, विचारलं की सांगतात.

आजीचा पट्टा आता माझ्याकडे आहे. खिळ्याची साखळी तुटली होती ती त्याच कारागिरांनी करून दिली, नवी कडी जुनीपेक्षा थोडी उजळ दिसते. ती मी काळी करून घेतली नाही, कुठलं काम कोणाचं ते कळायला हवं म्हणून. माझ्या मुलीला मागच्या मंगळागौरीला लावला तेव्हा तिने आधी तो उलटा केला.